विमान रद्द झालं तर हातात काय येतं? दुकानदाराच्या हिशेबाने बघूया

आपण इथे उधारी, स्टॉक, जीएसटी, रेट ठरवणं यावर बोलतो. मग आज मध्येच विमान कुठून आलं? कारण साधं आहे. आपल्या मावळातला छोटा व्यावसायिक आता विमानाने फिरतो. कामशेतचा तांदूळवाला, लोणावळ्याचा चिक्कीवाला, पवनेकाठचा होमस्टेवाला, सगळे दिल्ली-हैदराबादच्या प्रदर्शनांना जातात. आमच्या वडिवळ्यातून निघालेला माणूस कामशेतला हायवेला लागतो, तिथून लोहगाव. तिकीट, कॅब, हॉटेल, स्टॉलचं भाडं असा सगळा खर्च आधीच झालेला असतो. आणि मग मोबाईलवर मेसेज येतो, आपलं उड्डाण रद्द झालं आहे.

व्हिडिओत मी फक्त मुख्य मुद्दे सांगितले होते. इथे नियम, आकडे आणि कागद सविस्तर सांगतो. हे वाचून झाल्यावर काउंटरवर उभं राहून "माझं काय?" असं मोघम विचारायची वेळ येऊ नये, नेमकी मागणी करता यावी, एवढाच हेतू.

डिसेंबर २०२५ तुम्हाला आठवत असेलच. वैमानिकांच्या ड्युटी आणि विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांची ४८ तास झाली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. हे नियम एका रात्रीत आले नव्हते. पहिला टप्पा १ जुलैलाच लागू झाला होता. तरीही इंडिगोकडे वेळापत्रकाला पुरतील इतके वैमानिक उपलब्ध नव्हते. डीजीसीएच्या म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या आकड्यांप्रमाणे ३ ते ५ डिसेंबर या तीनच दिवसांत २,५०७ उड्डाणं रद्द झाली, १,८५२ उशिरा गेली आणि तीन लाखांवर प्रवासी अडकले. पुण्यात तर वैमानिक नाहीत म्हणून उभी राहिलेली विमानं हलेनात, त्यामुळे पार्किंगच्या जागा अडल्या आणि बाकीच्या कंपन्यांच्या विमानांचीही रांग लागली.

पुढे जानेवारी २०२६ मध्ये डीजीसीएने इंडिगोला २२.२० कोटींचा दंड केला. बातमी वाचून बऱ्याच जणांना वाटलं, चला, आता काहीतरी मिळेल. मित्रांनो, दंड सरकारजमा होतो. अडकलेल्या प्रवाशाला त्यातला एक रुपयाही येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर प्रवासी विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवत होते, तो व्हिडिओ आठवतो? त्यात इंडिगोला १.२० कोटी आणि मुंबई विमानतळाला एकूण ९० लाखांचा दंड झाला. तोही तसाच सरकारकडे गेला. दंड आणि तुमची भरपाई ही दोन वेगळी खाती आहेत. आपलं खातं आपणच मागून वसूल करायचं असतं.

तीन शब्द वेगळे ठेवा

रिफंड, पर्यायी विमान आणि भरपाई. काउंटरवरचा मुलगा हे तिन्ही एकत्र करून बोलतो, घाईत आपणही तसंच ऐकतो.

डीजीसीएचा नियम असा. उड्डाण रद्द होणार असेल तर कंपनीने आधी कळवायचं. सुटायच्या किमान २४ तास आधी कळवलं असेल, तर तुम्हाला दोन पर्याय: दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड. कोणता घ्यायचा ते तुम्ही ठरवायचं, कंपनीने नाही. भरपाई मात्र मिळत नाही. २४ तासांच्या आत कळवलं, किंवा कळवलंच नाही, तर एकीकडे पर्यायी विमान आणि दुसरीकडे पूर्ण रिफंड अधिक भरपाई, अशी निवड तुमच्यापुढे असते. एकाच तिकिटावरचं पुढचं जोडविमान चुकलं तरी हाच नियम.

म्हणजे पर्यायी विमानाला "हो चालेल" म्हटलं की भरपाईचा मुद्दा बहुतेक संपतो. म्हणून काउंटरवर आधी आपला हिशेब करा. प्रदर्शन उद्या सकाळी आहे आणि कंपनी रात्रीचं विमान देते आहे? घ्या, काम महत्त्वाचं. पण कंपनी परवाचं विमान देत असेल आणि तोवर तुमचं काम उरणारच नसेल, तर तिथे होकार देऊ नका. रिफंड आणि भरपाई मागा.

भरपाई किती? उड्डाणाचा वेळ एक तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तास असेल तर ७,५००, दोन तासांच्या वर १०,०००. पण बातम्यांत एक अर्धं वाक्य गाळलं जातं. हा आकडा किंवा तुमचं एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे १०,००० ही कमाल मर्यादा आहे, हमखास रक्कम नाही.

एक उदाहरण घेऊ. दिल्लीत मार्चमध्ये 'आहार' हे खाद्यपदार्थांचं मोठं प्रदर्शन भरतं. समजा तुम्ही पुणे-दिल्ली तिकीट ६,२०० रुपयांना काढलं. त्यातलं मूळ भाडं आणि इंधन अधिभार मिळून ४,८००, बाकी कर आणि विमानतळाचे शुल्क. उड्डाण दोन तासांच्या वरचं आहे, म्हणून मर्यादा १०,०००. सुटायच्या पाच तास आधी रद्दचा मेसेज आला. तुम्हाला मिळायला हवेत ६,२०० रिफंड आणि ४,८०० भरपाई, म्हणजे ११,०००. आता त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढायला जा. डिसेंबरच्या गोंधळात सरकारला ६ तारखेला भाड्यांवर मर्यादा घालावी लागली होती, आणि १,००० ते १,५०० किलोमीटरच्या टप्प्यात, म्हणजे पुणे-दिल्लीला, ती मर्यादासुद्धा कर सोडून १५,००० होती. स्टॉलचं भाडं, हॉटेलचं बुकिंग, हुकलेली ऑर्डर यांचा तर या नियमात कुठेच उल्लेख नाही. ते मागायचं तर ग्राहक आयोगात जावं लागतं. त्याबद्दल पुढे सांगतो.

डिसेंबरमध्ये इंडिगोने नियमाप्रमाणे ५ ते १० हजारांच्या भरपाईशिवाय जास्त त्रास झालेल्या प्रवाशांना १०,००० चे ट्रॅव्हल व्हाउचर जाहीर केले. व्हाउचर म्हणजे आपल्याकडचं "पुढच्या खरेदीवर सूट". परत त्याच दुकानात या, मग मिळेल. घ्यायला हरकत नाही, पण नियमाची रक्कम आणि व्हाउचर यांची अदलाबदल होऊ देऊ नका. रिफंडचंही तसंच आहे. पैसे कंपनीच्या खात्यात 'क्रेडिट शेल' म्हणून ठेवायचे की परत घ्यायचे हे प्रवाशाने ठरवायचं असतं.

तिकिटावर नंबर कोणाचा आहे?

आपल्या भागात ही गोष्ट सगळ्यात जास्त नडते. आपण तिकीट कुठे काढतो? बाजारपेठेतल्या ऑनलाइन सेवा केंद्रात. तो भाऊ पटकन स्वतःचा मोबाईल नंबर आणि ईमेल टाकतो, कारण ओटीपी त्याला हवा असतो. मग रद्दचा मेसेज त्याच्या फोनवर जातो. तो दुकान बंद करून जेवायला गेलेला असतो आणि तुम्ही पहाटे लोहगावला उभे.

नियमात स्पष्ट आहे की प्रवाशाने संपर्काची पुरेशी माहिती दिली नसेल तर भरपाई देणं कंपनीवर बंधनकारक नाही. म्हणून तिकीट काढताना समोर बसा आणि आपला नंबर, आपला ईमेल टाकायला लावा. त्या भावाला वाईट वाटलं तर वाटू द्या. एजंटकडून तिकीट काढलं तरी रिफंडची जबाबदारी एअरलाइनची आहे, एजंट तिचाच नेमलेला प्रतिनिधी आहे, असं डीजीसीएचा नियम म्हणतो. "वरून पैसे आले नाहीत" हे उत्तर एजंटचं असू शकतं, एअरलाइनचं नाही. क्रेडिट कार्डाने थेट कंपनीकडून काढलेल्या तिकिटाचा रिफंड सात दिवसांत व्हायला हवा.

मेसेज आला की स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळेसकट. २४ तासांच्या आत की बाहेर, हा सगळा वाद त्या एका वेळेवर ठरतो. २५ तास आधी आलेला मेसेज आणि २३ तास आधी आलेला मेसेज यात आपल्या उदाहरणात ४,८०० रुपयांचा फरक आहे.

उशिराचं काय? उशिरासाठी आपल्याकडे रोख भरपाई नाही. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांच्या वर उशीर झाला तर चहा-नाश्ता-जेवण द्यायचं. सहा तासांच्या वर उशीर होणार असेल तर सहा तासांच्या आतलं दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड. २४ तासांच्या वर, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ मध्ये सुटणाऱ्या विमानाला सहा तासांच्या वर उशीर झाला तर हॉटेल. त्यामुळे आधी एक तास, मग दोन तास, मग चार तास असा हप्त्याहप्त्याने वाढणारा उशीर कंपनीला स्वस्त पडतो. मला हा नियम कमकुवत वाटतो. युरोपात तीन तासांच्या वर उशिरा पोहोचलं तरी अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो रोख मिळतात. तुमची मुलगी जर्मनीत शिकत असेल तर तिला हे सांगून ठेवा: युरोपीय संघातून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला तो कायदा लागू आहे, आणि भारतातून तिकडे जाताना विमान युरोपीय कंपनीचं असेल तरच.

जागा असून चढू न देणं, म्हणजे जागेपेक्षा जास्त तिकिटं विकल्यामुळे तुम्हाला मागे ठेवणं, यात मात्र आपला नियम बऱ्यापैकी कडक आहे. कंपनीने आधी स्वखुशीने मागे राहणारे प्रवासी शोधायचे. तुम्हाला जबरदस्तीने ठेवलं आणि ठरलेल्या वेळेपासून एका तासात सुटणारं विमान दिलं तर काही नाही. २४ तासांच्या आतलं दिलं तर मूळ भाडं अधिक इंधन अधिभाराच्या दुप्पट, कमाल १०,०००. त्यापुढचं दिलं तर चौपट, कमाल २०,०००. आपल्या ४,८०० च्या तिकिटावर हे ९,६०० आणि १९,२०० होतात. म्हणून काउंटरवर "विमान फुल आहे" असं तोंडी ऐकून बाजूला होऊ नका. 'डिनाइड बोर्डिंग' असं लेखी मागा. ते "प्रवासी आलाच नाही" अशी नोंद करून मोकळे झाले, तर तुमचं तिकीटही गेलं.

इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोलकाता-अगरतळा प्रवासाचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. एका कुटुंबाने बोर्डिंग पास घेतले, पण गेटवर वेळेत पोहोचले नाहीत आणि विमान गेलं. खालच्या ग्राहक मंचांनी भरपाई दिली होती. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. बोर्डिंग पास हातात आल्यावर वेळेत गेटवर पोहोचणं ही प्रवाशाची जबाबदारी, असं न्यायालयाने म्हटलं. देहूरोड ते विश्रांतवाडीचा ट्रॅफिक किंवा बोरघाटातली कोंडी हे कारण कुठेही चालत नाही. त्यासाठी घरातून लवकर निघणं एवढाच उपाय.

"अपरिहार्य कारण" हे कोणी ठरवायचं?

भरपाई नाकारताना कंपनीचं आवडतं वाक्य असतं, कारण आमच्या नियंत्रणाबाहेरचं होतं. नियमात तशी सूट आहेच. हवामान, पूर, दंगल, सुरक्षेचा धोका, हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण, सरकारी आदेश, संप. दिल्लीचं धुकं, मुंबईचा जुलैमधला पाऊस यात भरपाई मागून उपयोग नाही. पण तेव्हाही रिफंड किंवा पर्यायी विमान सुटत नाही, आणि थांबावं लागलं तर खाणंपिणंही नाही. पाऊस पडला म्हणून पैसे बुडाले, असं होत नसतं.

डिसेंबरचा घोळ या यादीत बसतो का? माझं मत, नाही. नियम आधीपासून माहीत होता, तारीख माहीत होती. दिवाळी दरवर्षी येते हे माहीत असूनही ज्याने माल भरला नाही, त्याने "दिवाळी अचानक आली" म्हणायचं नसतं. म्हणून कारण लेखी मागा. काउंटरवर नाही दिलं तर तिथूनच कंपनीला ईमेल करा: "माझं अमुक उड्डाण कोणत्या कारणाने रद्द झालं ते कळवावं." पहिल्या दिवशी 'तांत्रिक' आणि सहा महिन्यांनी आयोगात 'हवामान' असं सांगितलं गेलं, तर तो ईमेल तुमच्या बाजूने बोलतो.

बॅगेचं थोडक्यात सांगतो. देशांतर्गत प्रवासात बॅग हरवली, फुटली किंवा उशिरा आली तर कंपनीची जबाबदारी माणशी कमाल २०,००० रुपयांपर्यंत. तुमच्या बॅगेत लाखाचे सॅम्पल असले तरी तेवढीच. जास्त किमतीचा माल असेल तर चेक-इनच्या वेळी किंमत लेखी घोषित करून जादा शुल्क भरायची सोय कायद्यात आहे. ती कोणी वापरत नाही, कारण कोणी सांगत नाही. बॅग आली नाही तर विमानतळ सोडायच्या आधी पीआयआर म्हणजे सामानाच्या तक्रारीची पावती घ्या. फुटलेल्या बॅगेची लेखी तक्रार ७ दिवसांत, उशिरा मिळालेल्या बॅगेची २१ दिवसांत. दावा करायची मुदत दोन वर्षे.

आता तक्रार कुठे करायची ते. पहिली पायरी कंपनीचा नोडल अधिकारी, मग तिथलाच अपील अधिकारी. दोघांची नावं कंपनीच्या वेबसाईटवर असतात. मग सरकारचं एअरसेवा पोर्टल, आणि १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. बरीच रिफंडची प्रकरणं इथपर्यंत मिटतात. नाही मिटली तर ग्राहक आयोग. आणि इथे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपल्यासारख्यांची मोठी सोय केली आहे. कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असो की मुंबईला, तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. वडिवळ्याचा माणूस पुण्यात दावा लावू शकतो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, सुनावणीही ऑनलाइन मागता येते. मुदत दोन वर्षांची. कायदा तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा धरतो, प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, ही तयारी ठेवा. हॉटेल, स्टॉलचं भाडं, नवीन तिकीट यांच्या पावत्या इथेच कामाला येतात.

पण व्यावसायिकांसाठी एक मेख आहे, आणि यावर कोणी बोलत नाही. 'व्यापारी हेतूने' घेतलेल्या सेवेसाठी या कायद्यात ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही. पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला सूट आहे, पण २०१९ च्या कायद्यात ती शब्दशः वस्तूंपुरती लिहिली आहे. मग तुम्ही तिकीट फर्मच्या नावाने, जीएसटी नंबर टाकून काढलंत, तर समोरचा वकील "हे ग्राहकच नाहीत" असा मुद्दा काढू शकतो. याला उत्तर आहे. मुंबईच्या लीलावती हॉस्पिटलच्या ट्रस्टने नर्सेसना राहायला फ्लॅट घेतले होते. त्यावरून बिल्डर म्हणाला, हा व्यापारी व्यवहार. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की व्यवहाराचा मुख्य हेतू बघा, त्याचा नफा कमावण्याशी थेट संबंध आहे का ते बघा. ट्रस्टला ग्राहक मानलं गेलं. तुमचं एका सीटचं तिकीट तुम्ही विकून नफा कमावलेला नाही, हा मुद्दा तुम्हीही मांडू शकता. निकाल आयोगावर.

माझा स्वतःचा हिशेब सांगतो. इकॉनॉमी तिकिटावर जीएसटी ५ टक्के. पाच हजारांच्या तिकिटावर अडीचशे रुपयांचं क्रेडिट. महिन्याला दहा माणसं फिरवणाऱ्या कंपनीने ते घ्यावंच. वर्षातून दोनदा जाणाऱ्या दुकानदाराने अडीचशे रुपयांसाठी वादाला जागा ठेवावी का, हे सीएला विचारून ठरवा. क्रेडिट घेतलं असेल आणि तिकीट रद्द झालं, तर एअरलाइनची क्रेडिट नोट बघून ते उलटवायला विसरू नका.

एक परिस्थिती अशी आहे जिथे वरचे सगळे नियम थिटे पडतात. कंपनीच बसली तर. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्टने मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. दोन्ही मुंबईच्या. दोन्ही शेवटी लिक्विडेशनमध्ये गेल्या. अशा वेळी प्रवासी हा विनातारण देणेकरी होतो, म्हणजे बँका आणि बाकीच्यांच्या मागे रांगेत. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे 'चार्जबॅक' मागता येतो, सेवा मिळाली नाही म्हणून. रोखीने एजंटला दिले असतील तर ती वाट मिळत नाही. म्हणून चार-पाच महिने आधीची स्वस्त तिकिटं काढताना मी क्रेडिट कार्डच वापरतो, आणि सगळ्या टीमची तिकिटं एकाच कंपनीत कधी काढत नाही.

मावळातल्या गुलाबवाल्या मंडळींचा प्रश्न वेगळा आहे. व्हॅलेंटाइनच्या आधी परदेशी जाणारी फुलं प्रवासी म्हणून नाही, कार्गो म्हणून जातात, आणि देशांतर्गत कार्गोला कंपनीची जबाबदारी किलोला ३५० रुपयांवर थांबते. परदेशी मालाचा हिशेब निराळा. एअरवे बिल कसं वाचायचं आणि ट्रान्झिट विमा कधी घ्यायचा, यावर पुढच्या आठवड्यात वेगळा व्हिडिओ करतोय. तोवर तुमच्याकडचं एखादं जुनं एअरवे बिल शोधून ठेवा, ते समोर ठेवूनच बघू.